गोगलगायी घटल्या, अंडी पिचू लागली

नेदरलँड्समधल्या रेताड जमिनीवरच्या जंगलांत १९८०च्या दशकात काहीतरी बिनसलं. ग्रेट टिट हा चिमणीएवढा पक्षी पातळ, सच्छिद्र कवचाची अंडी घालू लागला. काही पिचत, काही सुकत. काही माद्या तर रिकामं घरटंच उबवत बसत. कारण सापडलं मातीत.

कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड आणि वाहनांतून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड यांनी पाऊस आम्लधर्मी होतो. नेदरलँड्समध्ये गोठ्यांतल्या अमोनियानेही जमीन आम्लधर्मी केली. मातीच्या कणांना कॅल्शियम चिकटलेलं असतं. आम्लातले हायड्रोजन आयन त्याला हुसकावून जागा बळकावतात आणि सुटं झालेलं कॅल्शियम पाण्याबरोबर वाहून जातं. त्याच आम्लात विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांना बाधतं. गांडुळं कमी होतात, पाचोळा कुजायचा रेंगाळतो.

शंखाला कॅल्शियम मिळेना, तशा गोगलगायी घटल्या. आणि ग्रेट टिटची मादी अंड्याच्या कवचासाठी मुख्यतः हेच शंख खाते! सुरवंटांत कॅल्शियम फारच थोडं. संशोधक याप ग्राव्हलंड आणि सहकाऱ्यांनी शंखांचे व कोंबडीच्या अंड्यांच्या टरफलांचे तुकडे जंगलात ठेवले, तेव्हा धड अंडी दिसू लागली. इतका साधा, इतका निर्णायक प्रयोग विरळाच.

मातीतून वाहून गेलेलं कॅल्शियम भरून काढायला अमेरिकेत हबर्ड ब्रूकच्या जंगलात १९९९ साली हेलिकॉप्टरने कॅल्शियमयुक्त खनिज टाकलं गेलं. पुढे तिथे गोगलगायी वाढल्या, शुगर मेपलची झाडंही सुधारली. धूर आवरला तरी खडक झिजून मातीत कॅल्शियम पुन्हा साठायला मात्र कित्येक दशकं लागतात.