तळमजल्याचा धनी

१९८७-८८ च्या हंगामातले काही फोटो आहेत. वॉशिंग्टन बुलेट्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाचा एकसारखा गणवेश घातलेले दोन खेळाडू शेजारी उभे. एक सुदानहून आलेला मनुट बोल, उंची ७ फूट ७ इंच. दुसरा बाल्टिमोरचा टायरोन बोग्ज, ज्याला सगळं जग ‘मगसी’ म्हणतं, उंची ५ फूट ३ इंच. दोघांत ७१ सेंटिमीटरचा फरक! आणि दोघेही एनबीएचे, म्हणजे जगातल्या सर्वांत कठीण बास्केटबॉल लीगचे खेळाडू. मनुट तिथे का आहे, हे फोटो पाहताक्षणी कळतं. मगसी तिथे का आहे, हे कळायला मात्र हा खेळ पुन्हा मुळापासून पाहावा लागतो.

बास्केटची रिंग जमिनीपासून १० फुटांवर, म्हणजे ३०५ सेंटिमीटरवर असते. मगसीची उंची १६० सेंटिमीटर. त्याच्या डोक्यापासून रिंगपर्यंत जवळजवळ आणखी एक मगसी मावेल एवढी पोकळी उरते. ही १० फुटांची उंची कुणी हिशेब करून ठरवलेली नाही. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ शोधला आणि पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता, म्हणून टोपलीही तिथेच बसली.

पण नेस्मिथच्या पहिल्या १३ नियमांत एक नियम होता: चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचं तर त्याला पाडावं लागतं आणि लाकडी फरशीवर हाडं मोडतात, एवढा साधा विचार त्यामागे होता. मग खेळाडूंनी पुढे सरकायची युक्ती काढली. चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा. हाच ड्रिबल. त्यातून एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या खेळाचं लक्ष्य १० फुटांवर आहे, त्याच खेळात चेंडू घेऊन पुढे जायचं तर चेंडूला पुन्हा पुन्हा जमिनीवर यावंच लागतं. बास्केटबॉल दुमजली आहे. वरच्या मजल्यावर उंच माणसांचं राज्य. खालचा मजला मात्र रिकामा होता.

त्या मजल्यावरचं गणित पाहा. सात फुटी खेळाडूची कंबर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असते, मगसीची एका मीटरच्या आत. तो वाकून पळू लागला की चेंडू गुडघ्यापेक्षा फारसा वर येतच नसे. टप्प्याची उंची कमी, म्हणजे चेंडूला हातापासून दूर राहायला वेळही कमी, आणि चेंडू हिसकावायची संधी तेवढ्याच वेळात असते. शिवाय अंगाचा भार जमिनीजवळ असला की वळताना तोल सांभाळणं सोपं जातं आणि आखूड पाय लांब पायांपेक्षा झटकन दिशा बदलतात. उंच खेळाडूला तिथवर पोहोचायचं तर कंबरेत वाकायला हवं, आणि वाकलेला उंच माणूस मंद होतो. ज्या शरीराकडे बघून लोक ‘हा इथे कसा?’ म्हणत, ते या मजल्यासाठीच घडलेलं होतं.

मगसीचा जन्म १९६५ चा, बाल्टिमोरच्या गरीब वस्तीतला. वयाच्या पाचव्या वर्षी वस्तीतल्या गोळीबारात बंदुकीचे छर्रे त्याच्या हातापायांत घुसले होते. पुढे बास्केटबॉल खेळताना तो समोरच्याच्या हातून चेंडू असा काढून घेऊ लागला, की दिवसाढवळ्या लुटल्यासारखं वाटावं. ‘मगसी’ हे नाव त्यातूनच, लुटणे या अर्थाच्या इंग्रजी ‘मग’ शब्दावरून पडलं. डनबार शाळेच्या संघात तो आला, आणि त्याच्या दोन हंगामांत संघ एकही सामना हरला नाही. १९८७ च्या एनबीए निवडीच्या पहिल्याच फेरीत त्या शाळेचे तिघे निवडले गेले. मगसी बाराव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या आदल्या वर्षी स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाला ८७-८५ असं हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकी संघातही तो होता.

वॉशिंग्टनने त्याला एका वर्षात सोडलं. १९८८ मध्ये शार्लट हॉर्नेट्स हा नवा संघ उभा राहिला आणि तिथे तो पुढची जवळजवळ दहा वर्षं पॉइंट गार्ड होता, म्हणजे चेंडू पुढे नेणारा आणि कोणाला कधी द्यायचा हे ठरवणारा. एनबीएत तो १४ हंगाम टिकला, ८८९ सामने खेळला. सामन्यामागे त्याचे स्वतःचे गुण सरासरी ७.७ आणि असिस्ट ७.६. असिस्ट म्हणजे ज्या पासवर सहकारी लगेच बास्केट करतो तो पास. आणि एकदा चेंडू गमवायचा, तोवर त्याचे चाराहून अधिक असिस्ट झालेले असत. एवढी सांभाळून वापरलेली चेंडूची मालकी या खेळाच्या इतिहासात फार थोड्यांकडे सापडते.

वरच्या मजल्यावरही तो अधूनमधून जाऊन आला. कारकिर्दीत त्याने ३९ ब्लॉक केले, म्हणजे समोरच्याने बास्केटकडे फेकलेला चेंडू अडवला. त्यांतला एक एप्रिल १९९३ मध्ये, सात फुटी पॅट्रिक युइंगचा! युइंग फेकण्यासाठी चेंडू खालून वर नेत होता, आणि तो वर पोहोचण्याआधीच मगसीचा हात तिथे होता. म्हणजे तोही तळमजल्यावरच.

मला सर्वांत भारावून टाकतो तो आकडा ६,७२६. त्याच्या एनबीएतल्या एकूण असिस्टचा. तेवढ्या वेळा चेंडू १० फुटांवरच्या रिंगेतून खाली पडला. फेकणारे हात दुसऱ्यांचे होते, आणि त्या हातांपर्यंत चेंडू पोहोचवणारे मगसीचे. कुणी कुणाला पाडू नये, हाडं मोडू नयेत, म्हणून एका शिक्षकाने थंडीच्या दिवसांत एक नियम लिहिला, आणि सुमारे शंभर वर्षांनी त्या नियमाच्या आधाराने ५ फूट ३ इंचांचा एक माणूस राक्षसांच्या खेळात चौदा वर्षं घर करून राहिला.