बी.कॉम.ला संगणकाची जोड

पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा वेगळा पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये झाला. इथल्या बी.कॉम.साठी विद्यापीठ मात्र छिंदवाड्याचे: २०१९ मध्ये स्थापन झालेले, आताचे राजा शंकर शाह विद्यापीठ.

• प्रवेश: बारावी उत्तीर्ण.

• श्रेयांक: नवे शैक्षणिक धोरण मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून. तीन वर्षांत १२० श्रेयांकांवर पदवी, चौथ्या वर्षाअखेर १६० वर ऑनर्स. एका वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दोनानंतर पदविका. केलेला अभ्यास वाया जात नाही.

• फरक: बी.कॉम. (संगणक अनुप्रयोग) म्हणजे पाया हिशेबाचा. जमाखर्च, करआकारणी, लेखापरीक्षण आणि जोडीला संगणक. बीसीएचा भर प्रोग्रामिंगवर. नागपूरकडे बी.कॉम. आणि संगणकाचा हा जोड-अभ्यासक्रम ‘बीसीसीए’ म्हणून ओळखीचा.

• पुढे: वाणिज्य पदवीत किमान ५५ टक्के असल्यास सीएची फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही.