विश्लेषण : बैलाला मारहाण केली तर दंड फक्त ५० रुपये! प्राणी संरक्षणाची सरकारी यंत्रणा का बदलायला हवी?

उसाचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही कारखान्याच्या रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसते. गाडीवर वाढ्यांपर्यंत रचलेला ऊस, जूखाली मान टाकून चालणारी बैलजोडी आणि चढ आला की पाठीवर पडणारा चाबूक. अधूनमधून अशा दृश्याचा व्हिडीओ व्हायरल होतो, दोन दिवस संताप उसळतो आणि विषय संपतो. पुढे काय होते? बहुतेक वेळा काहीच नाही. त्याचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे.

कायदा नेमका काय सांगतो?

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६०चा आहे. प्राण्याला मारणे, त्याच्यावर जास्त ओझे लादणे, त्याला कोंबून वाहतूक करणे, हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे, हे सगळे कलम ११नुसार गुन्हे आहेत. पण शिक्षा पाहा. पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड. ३ वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

१९६०मध्ये ५० रुपयांना किंमत होती. आज एवढ्या पैशात गाडीवाल्याच्या दोन जणांचा चहा-नाश्ताही होत नाही.

पोलिस लगेच कारवाई का करत नाहीत?

कलम ११मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. म्हणजे पोलिस ठाण्यात एनसी नोंदवली जाते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. प्राण्याला क्रूरपणे ठार करणे किंवा त्याचा अवयव तोडणे, प्राण्यांच्या झुंजी लावणे अशा मोजक्याच प्रकारांत पोलिस थेट हस्तक्षेप करू शकतात.

दुसरी अडचण कमी लोकांना माहीत आहे. कलम ३६नुसार गुन्हा घडल्यापासून ३ महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही, तर तो दाखलच करता येत नाही. एनसी, दंडाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकीय दाखला या फेऱ्यांत ३ महिने सहज निघून जातात.

भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ १ जुलै २०२४पासून लागू आहे. त्यात प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र या कलमामागची मूळ कल्पना मालमत्तेच्या नुकसानीची आहे. मालकानेच आपल्या जनावराचे हाल केले तर ते फारसे उपयोगी पडत नाही.

मग देखरेख कोण करते?

राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पाठपुराव्यातून हा कायदा आला. त्याअंतर्गत १९६२मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच पहिल्या अध्यक्ष झाल्या. पण मंडळाचे काम प्रामुख्याने सल्ला देण्याचे आहे. गोठ्यात, बाजारात किंवा पोल्ट्रीवर जाऊन नियमित तपासणी करणारी स्वतःची फौज त्याच्याकडे नाही.

२०१९मध्ये हा विषय पर्यावरण मंत्रालयाकडून मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय मंत्रालयाकडे गेला. पशुवैद्यकांचे जाळे याच खात्याकडे असल्याने वरवर हे सोयीचे वाटते. पण दूध, अंडी आणि मांसाचे उत्पादन वाढवणे हेही याच खात्याचे काम आहे. उत्पादनाचे उद्दिष्ट आणि जनावराचे हित यांत टक्कर झाली, तर निर्णय कोणाच्या बाजूने लागणार, हा यंत्रणेतला कळीचा प्रश्न आहे.

जिल्हा पातळीवर २००१च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असणे अपेक्षित आहे. मुंबईत अशी संस्था १८७४पासून आहे. परळचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ त्याच परंपरेतले. मात्र जिल्ह्यातली सोसायटी स्वतंत्र निधी, वाहन आणि पूर्णवेळ माणसांशिवाय कागदावरच राहते.

आता व्याप बघा. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ५३.६ कोटी पशुधन आणि ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पक्षी आहेत.

न्यायालयाने काय म्हटले?

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या प्रकरणात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला. भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, तसेच नैसर्गिक वर्तनाची मोकळीक. कायद्यातली शिक्षा जरब बसेल अशी असावी, असेही संसदेला सुचवले.

पुढे राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. यातून एक विचित्र चित्र तयार झाले. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुरुस्तीनुसार शर्यतीत अटी मोडून बैलाचे हाल केले तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. तोच बैल उसाच्या गाडीला जुंपून मारला तर ५० रुपये!

केंद्राने बदल सुचवले आहेत का?

हो. नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्राने दुरुस्ती विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. त्यात पाच स्वातंत्र्यांचा कायद्यात समावेश, अतिक्रूर वर्तनासाठी ५० ते ७५ हजार रुपये दंड किंवा कैद आणि प्राण्याला ठार मारल्यास ५ वर्षांपर्यंत कैद, असे प्रस्ताव होते. त्याचा कायदा अजून झालेला नाही. त्याआधी जुलै २०१७मध्ये विधि आयोगानेही आपल्या २६९व्या अहवालात अंडी देणाऱ्या आणि मांसासाठीच्या कोंबड्यांच्या वाहतुकीसाठी व पालनासाठी नियमांचे मसुदे दिले होते.

फक्त दंड वाढवून भागेल?

नाही. उसाच्या गाडीकडेच परत येऊ. १९६५च्या नियमांनुसार बैलाला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. तापमान ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ अजिबात नाही. जनावराचा आकार आणि गाडीचे चाक बघून ओझ्याची मर्यादाही ठरलेली आहे.

पण गाडीवान मुकादमाकडून उचल घेऊन आलेला असतो. पैसे टनावर मिळतात. खेप मोठी, तर हिशेब लवकर फिटतो. अशा माणसावर हजारोंचा दंड लादला तर कर्ज वाढेल आणि पुढची खेप आणखी जड होईल.

इथे तपासणीची जागा बदलणे जास्त परिणामकारक ठरेल. प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर जातेच आणि वजनाची नोंद होतेच. ती नोंद मर्यादेशी ताडून पाहायला रस्त्यावर निरीक्षक उभा करावा लागत नाही. जादा वजनाची जबाबदारी गाडीवानाऐवजी वाहतुकीची व्यवस्था चालवणाऱ्यांवर टाकली, तर मूळ कारणाला हात लागेल. कत्तलखान्यांत सीसीटीव्ही सक्तीचे करताना इंग्लंडने २०१८मध्ये हाच विचार केला होता. जिथे प्राणी एकत्र येतात, तिथेच नोंद ठेवायची.

थोडक्यात, कोणते बदल हवेत?

• दंड आजच्या काळाला साजेसा आणि गंभीर गुन्हे दखलपात्र करणे
• खटल्यासाठीची ३ महिन्यांची मुदत वाढवणे
• उत्पादन वाढवणारे खाते आणि तपासणी करणारी यंत्रणा वेगळी ठेवणे
• जिल्हा सोसायट्यांना निधी व पूर्णवेळ कर्मचारी
• कारखान्याचा काटा, जनावरांचा बाजार, पोल्ट्री अशा ठिकाणी नोंदींवर आधारित तपासणी

तुम्ही काय करू शकता?

जनावराचे हाल होताना दिसले तर व्हिडीओसोबत तारीख, वेळ, ठिकाण नोंदवा. पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. जनावर जखमी असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी संपर्क साधा. पशुवैद्यकाचा दाखला हा खटल्यात महत्त्वाचा पुरावा ठरतो. आणि ३ महिन्यांची मुदत लक्षात ठेवा. व्हायरल झालेला व्हिडीओ वर्षभर फिरत राहील, पण खटल्याचा दरवाजा त्याच्या कितीतरी आधी बंद झालेला असेल.