केनियांतील बंदिवानांचा दावा व दडविलेलें दफ्तर

जुन्या कागदांचें मोल या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्यांच्या अंगावर इतिहास घडला ते हयात असतां तोच कागद न्यायासनापुढें पुरावा म्हणून उभा राहतो, तेव्हां काय घडतें, हें केनियांतील एका दाव्यावरून दाखवावें असा आमचा हेतु आहे.

गोऱ्या मळेवाल्यांच्या हातीं गेलेल्या जमिनींवरून किकुयु लोकांत जें बंड उठलें, तें 'माउ माउ' या नांवानें ओळखिलें जातें. इंग्रज सरकारनें ऑक्टोबर १९५२ मध्यें पुकारलेली आणीबाणी जानेवारी १९६० पर्यंत चालली. बंडवाल्यांनींही क्रूर हत्या केल्या व त्यांत त्यांचेच पुष्कळ जातभाई बळी पडले, हेंही नमूद केलें पाहिजे. सरकारनें हजाराहून अधिक लोकांस फांशीं दिलें व हजारोंना खटल्यावांचून छावण्यांत डांबलें. तेथें मारहाण तर नित्याचीच. पुरुषांस खच्ची करण्यापर्यंत व स्त्रियांवर लिहवत नाहींत असे अत्याचार करण्यापर्यंत मजल गेली. ३ मार्च १९५९ रोजीं होला येथील छावणींत अकरा बंदिवान मारहाणीनें मेले. ते पाणी पिऊन मेले असें प्रथम प्रसिद्ध करण्यांत आलें!

माउ माउ संघटनेवरील बंदी केनियांत २००३ पर्यंत कायम होती. ती उठल्यावर, २००९ सालीं, पांच वृद्धांनीं लंडनच्या न्यायालयांत दावा लाविला. १९६३ सालीं केनिया स्वतंत्र झाला तेव्हां ही जबाबदारी तेथील नव्या सरकारकडे गेली, असा इंग्रज सरकारचा पहिला बचाव. जहागिरीचें उत्पन्न आपण खावें आणि जहागीर सुटल्यावर देणें मात्र रयतेच्या माथीं मारावें, त्यांतलाच हा प्रकार. न्यायमूर्ति मॅककोंब यांनीं जुलै २०११ मध्यें तो फेटाळला. दुसरा बचाव मुदतीचा. आणि येथेंच दफ्तर उपयोगी पडलें.

स्वातंत्र्याच्या तोंडावर नैरोबीहून बरेंच दफ्तर जाळण्यांत आलें व कांहीं विलायतेस नेण्यांत आलें, असें इतिहासकार डेव्हिड अँडरसन प्रभृतींनीं न्यायालयास सांगितलें. शोध घेतां परराष्ट्रखात्याच्या हॅन्स्लोप पार्क येथील कोठारांत ३७ वसाहतींचीं सुमारें ८,८०० प्रकरणें निघालीं. त्यांपैकीं १,५०० च्या आसपास केनियाचीं. कैद्यांस मारावें कसें याविषयीं ॲटर्नी-जनरल ग्रिफिथ-जोन्स यानें १९५७ सालीं गव्हर्नर बॅरिंग यास केलेलें लेखनही उजेडांत आलें. पाप करणेंच असेल तर तें गुपचूप करावें, असा त्यांतील एका वाक्याचा आशय आहे. २०१२ मध्यें वादींचा छळ झाला हें सरकारनें नाकारलें नाहीं. आणि कागद विपुल असल्यानें इतक्या वर्षांनींही निवाडा शक्य आहे, असें न्यायमूर्तींनीं ५ ऑक्टोबर २०१२ रोजीं ठरविलें. ६ जून २०१३ रोजीं परराष्ट्रमंत्री हेग यांनीं पार्लमेंटांत खेद व्यक्त केला व ५,२२८ जणांस मिळून, दाव्याच्या खर्चासह, १ कोटि ९९ लक्ष पौंड देण्याचें जाहीर केलें. खर्च धरूनही हा आंकडा दरडोई ३,८०० पौंडांच्या आसपासच जातो. कायदेशीर जबाबदारी मात्र मान्य केली नाहीं.

पुढें चाळीस हजारांवर लोकांनीं दुसरा दावा आणिला. तो २०१८ सालीं मुदतीच्याच मुद्द्यावर निघून गेला. इतक्या काळानंतर प्रतिवादीस न्याय्य बचाव करतां येणार नाहीं, असें न्यायमूर्ति स्ट्युअर्ट यांचें मत पडलें. दफ्तरांत धोरण सांपडतें. अमक्याच्या पाठीवर कोणी, केव्हां फटके मारले, तें सांपडत नाहीं. लेखी मागणीचीं सर्व कलमें नाकारणाऱ्यावर त्यांतील एक शाबीत झालें, तर राजानें त्याजकडून सर्वच देववावें, असें याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत सांगितलें आहे. तें वचन धनाच्या मागणीविषयीं आहे, हें आम्ही जाणतों. तथापि ज्यानें दफ्तर जाळिलें त्यासच पुराव्याच्या अभावाचा लाभ मिळावा, हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

हॅन्स्लोप पार्कचे कागद आतां क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत 'एफसीओ १४१' या क्रमांकाखालीं आहेत. केनियाखेरीज सायप्रस, मलाया, एडन, सिलोन इत्यादि ठिकाणचींही प्रकरणें त्यांत आहेत.