वाकड्या रेघांचा हिशेब

२००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत हुकणारं यंत्र दहा-वीस मीटरवर आलं. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने इंग्लंडात ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच मिळून बनवायचा नकाशा सुरू केला तो याच भरवशावर. हवाई छायाचित्रं हाताशी नव्हती. सायकलवरून किंवा पायी फिरून ट्रेस, म्हणजे यंत्राने टिपलेल्या वाटेच्या रेघा, जमवायचे आणि त्यावरून रस्ता आखायचा.

ट्रेस वेडेवाकडे येतात हे तेव्हाही माहीत होतं. त्यावर उतारा संख्येचा. एकाच रस्त्याचे दहा ट्रेस एकावर एक टाकले की मधला दाट पट्टा बहुधा बरोबर निघे. माळरानावर हे जमून जातं, सह्याद्रीतल्या नाळेत नाही. दोन्ही अंगांना कडे, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. उपग्रह दिसतात ते तेवढ्यातलेच, आणि काहींचे संदेश कड्यावर आपटून वळशाने पोचतात. यंत्राला अंतर जास्त वाटतं, रेघ सरकते. दहाही जणांची रेघ एकाच बाजूला सरकली असेल तर सरासरी काढून चुकीचीच जागा मिळणार, तीही मोठ्या आत्मविश्वासाने.

त्यात ट्रेकर मंडळी जेवायला बसली की यंत्राचे बिंदू इकडेतिकडे नाचत राहतात आणि मांजराने खेळलेल्या लोकरीसारखा गुंता होतो. नवखे मॅपर तोही इमानेइतबारे वाट म्हणून आखत!

२०१० अखेर बिंग नकाशाची वरून टिपलेली चित्रं वापरायला मिळाली, तेव्हा अनेकांनी ट्रेस मोडीत काढले. ती घाईच झाली. डोंगराळ मुलखात चित्रही जागचं हललेलं असतं, कारण तिरप्या कोनातून टिपलेला चढउतार सपाट नकाशावर बसवताना सरकतो. किती सरकला हे बघायला पुन्हा ट्रेसच काढावे लागतात, तेही पठारावरचे, उघड्या आभाळाखालचे. शिवाय पठारावर सापडलेला फरक खालच्या दरीला जसाच्या तसा लागू होत नाही, हे बरेचजण विसरतात.

२०१८ पासून उपग्रहांचे संदेश दोन वारंवारितांवर घेणारे फोन आले आणि बरंच सुधारलं. पण गर्द झाडीखालची घाटवाट चित्रात दिसतच नाही. तिथे जाणते मॅपर वेगवेगळ्या वेळांचे ट्रेस मागतात, कारण उपग्रहांची मांडणी तासागणिक बदलते आणि चूक दर वेळी एकाच बाजूला पडत नाही. मग ओढा, खिंड, मंदिर अशा पक्क्या जागांशी रेघ जुळवतात, आणि मधला जो तुकडा जुळत नाही त्यावर ‘फिक्समी’ची, म्हणजे ‘इथे दुरुस्ती हवी’ अशी खूण लावून ठेवतात.