टायरावरील वेगाचें अक्षर

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धांव आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. बैलांची चाल हीच तिची मर्यादा असल्यानें तिजवर कांहीं लिहिण्याचें कारण नव्हतें. मोटारीच्या रबरी टायराची गोष्ट निराळी. त्याची सारी कुंडली त्याच्या अंगावरच छापलेली असते. मात्र मोटारीचा रंग बारकाईनें निवडणारे सुशिक्षित गृहस्थही ती क्वचितच वाचतात.

'१८५/६५ आर १५ ८८ एच' ही ओळ उदाहरणादाखल घ्या. १८५ ही टायराची रुंदी मिलिमीटरांत. ६५ म्हणजे त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ६५. १५ हा आंतील चाकाचा व्यास इंचांत. मधला 'आर' पुष्कळांना फसवितो. तो वेगाचा नसून 'रेडियल' बांधणीचा निदर्शक आहे. ८८ या भारांकाचा अर्थ, एका टायरानें जास्तींत जास्त ५६० किलो भार वाहावा. शेवटचा 'एच' हेंच वेगाचें अक्षर; त्याची मर्यादा ताशीं २१० किलोमीटर. 'एस'ची १८०, 'टी'ची १९०, 'यू'ची २०० आणि 'व्ही'ची २४०. 'एच' वर्णक्रम सोडून 'यू' व 'व्ही' यांच्यामध्यें बसतो, हें ध्यानांत ठेवावें.

वाहनांची परीक्षा ही गोष्ट नगरकरांस अपरिचित नाहीं. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था येथेंच आहे. टायराचीही अशीच परीक्षा होते. नवा टायर ठरलेली हवा भरून, ठराविक भारानें फिरत्या पोलादी पिंपावर दाबतात आणि वेग पायरीपायरीनें वाढवितात. त्यांत टिकला तरच त्यास तें अक्षर मिळतें.

मग ताशीं १२० च्या रस्त्यावर २१० च्या टायरास भय कसलें? याचें उत्तर उष्णतेंत आहे. ताशीं १२० वेगानें वरील टायर सेकंदास सुमारें १७ फेरे घेतो, आणि प्रत्येक फेऱ्यांत त्याचें अंग जमिनीशीं दबून पुन्हां फुगतें. या लवण्यानें रबर तापतें. हवा कमी किंवा ओझें अधिक असेल तर तें अधिक लवतें, अधिक तापतें, आंतील थर सुटूं लागतात आणि टायर फुटतो. परीक्षा नव्या टायराची झालेली असते; जुन्या, झिजलेल्या टायरावरही अक्षर तेंच राहतें.

आपल्या जिल्ह्यांत हा प्रश्न आतां घरोघरचा झाला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग खुला झाला. त्याच्या सपाट भागांत मोटारींस ताशीं १२० ची मुभा असून तासन्‌तास तोच वेग राखला जातो. २०२३ सालीं परिवहन खात्यानें तेथें टायरांची तपासणी करून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्यास आरंभ केला, तो याचसाठीं.

म्हणून सहकुटुंब निघण्यापूर्वी थंड टायरांत कारखान्यानें सांगितलेली हवा आहे ना, हें पाहावें. खांचांची खोली १.६ मिलिमीटरांहून कमी नसावी. बाजूवरील चार आंकडी संख्येवरून टायराचें वय कळतें. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. टायर बदलतांना कारखान्यानें नेमलेल्या अक्षराहून खालचें अक्षर, दुकानदार कितीही स्वस्त देवो, घेऊं नये. या साऱ्यास दहा मिनिटें पुरतात. आणि गाडींत मागें मुलेंबाळें बसलेलीं असतात.