अपत्यप्राप्तीचे उपचार आणि घराचा वाटा

विवाहानंतर काही वर्षांत पाळणा हलला नाही की घरातील नजरा सुनेकडे वळतात. वास्तविक अशा दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पतीच्या प्रकृतीतील कारणही आढळते. वीर्यतपासणी साधी, वेदनारहित व अल्पखर्चाची असूनही अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते. ती पत्नीच्या तपासण्यांबरोबरच व्हावी. वर्षभरात, आणि पत्नीचे वय ३५ हून अधिक असल्यास ६ महिन्यांतच, गर्भधारणा न झाल्यास तज्ज्ञांना भेटावे. वयाबरोबर स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता घटते. वाट पाहण्यात गेलेला काळ कोणतेही औषध परत देत नाही.

उपचारांपूर्वीचे ३ महिने मोलाचे असतात. शुक्राणू परिपक्व होण्यास सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून पतीने तंबाखू, गुटखा आजच सोडावा. पत्नीने गर्भधारणेपूर्वीपासून दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे. शाकाहारी मंडळींत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव वारंवार आढळते. दोघांनी रक्त तपासून घ्यावे. वजन, मधुमेह व थायरॉइड यांकडेही लक्ष द्यावे.

उपवास, चौविहार यांविषयी डॉक्टरांशी आधीच मोकळेपणी बोलावे. औषधांच्या वेळा चुकवून चालत नाहीत. सोळहकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे. तप शक्तीनुसारच करावयाचे असते. उपचारकाळात स्वाध्यायाचे अभ्यंतर तप आहेच.

केंद्र निवडताना ते २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत आहे ना, हे पाहावे. यशाचे प्रमाण विचारताना आपल्या वयोगटातील किती दांपत्यांच्या घरी प्रत्यक्ष बाळ आले, हे विचारावे. केवळ गर्भचाचणी सकारात्मक आल्याचा आकडा पुरेसा नाही. कर्जमंजुरी आणि कर्जवसुली यांचे आकडे वेगळे असतात, हे बँकेत काम केलेल्या कोणासही ठाऊक असते.

भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर दिवसेंदिवस अंथरुणास खिळून राहिल्याने यश वाढत नाही. नेहमीची हलकी कामे चालतात.

इतके करूनही पहिला प्रयत्न निष्फळ ठरू शकतो. पुढच्या प्रयत्नासाठी दांपत्याला पैशाइतकेच मनोबल लागते, आणि अनेक जण खचून उपचारच सोडून देतात. म्हणून ज्येष्ठांनी ‘काही बातमी?’ हा प्रश्न विचारू नये, नातलगांनाही विचारू देऊ नये. सुनेबरोबर मुलालाही दवाखान्यात पाठवावे. त्या घरातील खरे वैयावृत्त्य तेच होय.